मेंदूच्या चुंबकीय उत्तेजनातील विद्युत क्षेत्र

ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन अर्थात टीएमएस या तंत्रात डोक्याजवळ धरलेल्या कॉइलमुळे मेंदूत विद्युत क्षेत्र प्रवर्तित होते व तेच चेतापेशींना उद्दीपित करते. नावात चुंबकत्व असले तरी चुंबकीय क्षेत्राचे काम वाहकाचे आहे. कवटीचे हाड विद्युतधारेला मोठा विरोध करते, चुंबकीय क्षेत्राला मात्र अडवत नाही. अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे हे तंत्र प्रथम यशस्वी केले. अमेरिकेत २००८ मध्ये नैराश्यावरील उपचारासाठी त्यास मान्यता मिळाली.

कार्यतत्त्व

धारित्रात साठवलेला विद्युतभार कॉइलमधून सोडला असता काही हजार अँपिअरची धारा सुमारे १०० मायक्रोसेकंदांत शिखर गाठते. कॉइललगतचे चुंबकीय क्षेत्र १ ते २ टेस्ला असते, तर मेंदूच्या बाह्यस्तरात दर मीटरला सुमारे १०० व्होल्ट इतके विद्युत क्षेत्र निर्माण होते. फॅरेडेच्या नियमानुसार ते चुंबकीय क्षेत्राच्या मूल्यावर नव्हे, तर त्याच्या बदलाच्या दरावर अवलंबून असते. एमआरआय यंत्राचे दीड टेस्लाचे स्थिर क्षेत्र तितकेच प्रबळ असूनही निश्चल पडून राहिलेल्या रुग्णाच्या चेतापेशींना उद्दीपित करत नाही. डोक्याला बांधायच्या स्थिर चुंबकांच्या पट्ट्यांची टीएमएसशी केली जाणारी तुलना याच कारणाने निराधार ठरते.

भूचुंबकीय वादळाशी तुलना

याच नियमाचे नैसर्गिक रूप नवीन पनवेल येथे मुख्यालय असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अभ्यासविषयांत येते. या संस्थेची परंपरा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेपर्यंत जाते. मुंबईत येऊ घातलेल्या विजेच्या ट्रामचा व्यत्यय टाळण्यासाठी तेथील चुंबकीय नोंदींचे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवण्यात आले. सप्टेंबर १८५९ च्या वादळात कुलाब्यास क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याची नोंद आहे. मात्र अशा बदलांना मिनिटे वा तास लागतात. त्यामुळे तीव्र वादळातही जमिनीत प्रवर्तित होणारे क्षेत्र दर किलोमीटरला काही व्होल्ट एवढेच असते. लांबलचक तारांमध्ये ते जाणवते. चेतापेशी उद्दीपित करण्यास ते फारच अपुरे आहे.

कॉइलचा आकार आणि खोली

वर्तुळाकार कॉइलखाली विद्युत क्षेत्र कड्यासारखे पसरते आणि कॉइलच्या मध्याखाली जवळजवळ शून्य असते. म्हणून तिचा मध्य लक्ष्यावर धरणे चुकीचे ठरते. इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या जोडकॉइलमध्ये दोन्ही वेढ्यांतील धारा परस्परविरुद्ध दिशेने फिरतात. मधल्या सांध्यापाशी त्या एकाच दिशेने वाहत असल्याने तेथे त्यांची क्षेत्रे मिळून प्रभाव लहान भागावर केंद्रित होतो. जपानमधील उएनो व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अशा कॉइलद्वारे स्थाननिश्चित उत्तेजन दाखवले.

डोके एकसंध गोल मानल्यास प्रवर्तित क्षेत्र केंद्राशी शून्य होते व त्याचे कमाल मूल्य नेहमी पृष्ठभागावरच येते. परिणामी वरच्या थराला अधिक उत्तेजित केल्याशिवाय खोल भाग गाठता येत नाही. मोठ्या वा एच प्रकारच्या कॉइल अधिक खोल पोचतात, पण त्यांचा प्रभाव पसरट होतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५० कॉइलच्या संगणकीय तुलनेतही ही तडजोड कोणत्याच रचनेला टाळता आली नाही.

मात्रेचे मापन

व्यवहारात उपचाराची मात्रा बहुधा अंगठ्याचा स्नायू हलवण्यास लागणाऱ्या किमान तीव्रतेच्या टक्केवारीत ठरवतात. मात्र कवटीची जाडी, भोवतालचा द्रव आणि मेंदूच्या घड्या यांमुळे समान टक्केवारीला कपाळामागील भागात मिळणारे विद्युत क्षेत्र व्यक्तीगणिक वेगळे असते. त्याचा अंदाज एमआरआयवर आधारित संगणकीय प्रतिमानांतून काढला जातो.