‘कॉम्बॅट’ फोल्डिंग चाकू खरंच किती मजबूत असतो? रचना, स्टील आणि नवी मुंबईतला कायदा

रील स्क्रोल करताना ‘टॅक्टिकल नाइफ’च्या जाहिराती तुम्हालाही दिसल्या असतील. काळी मूठ, एका झटक्यात उघडणारं पातं आणि ‘स्वसंरक्षणासाठी बेस्ट’ असा दावा. पण घडीचा चाकू झटापटीत टिकेल असा बनवता येतो का? आणि तो खिशात घेऊन वाशी किंवा पनवेल स्टेशनवर फिरणं कायद्यात बसतं का?

कमजोर जागा कोणती?

घडीच्या चाकूत पातं सहसा आधी तुटत नाही. आधी दगा देतो तो सांधा, म्हणजे पातं ज्या खिळीभोवती फिरतं ती जागा आणि पातं उघडं धरून ठेवणारं लॉक. धारेच्या बाजूने दाब आला तर पातं आतल्या थांब्यावर टेकतं आणि जोर सहन करतं. पात्याच्या पाठीवर जोर आला की सगळा भार लॉकवर येतो. ते निसटलं तर पातं मिटतं आणि धार थेट आपल्याच बोटांवर येते.

लढाईसाठीची हत्यारं म्हणूनच बहुतेक अखंड पात्याची असतात. मराठ्यांची कट्यार आणि बिचवा, गुरखा सैनिकांची खुकरी, दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश कमांडोंचा फेअरबर्न-साइक्स खंजीर यांपैकी एकालाही घडी नाही.

लॉकचे मुख्य प्रकार

- स्लिपजॉइंट: खरं लॉक नसतंच, फक्त स्प्रिंगचा ताण असतो. सफरचंद कापायला ठीक, जोराच्या कामाला नाही.
- बॅक लॉक: मुठीच्या पाठीतली पट्टी पात्याच्या खाचेत बसते. जुना आणि भरवशाचा प्रकार.
- लायनर लॉक: मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून पात्यामागे टेकते. एका हाताने मिटवता येतो, पण पट्टी झिजली की धोका वाढतो.
- फ्रेम लॉक: तत्त्व तेच, पण इथे मुठीची जाड बाजूच लॉकचं काम करते. त्यामुळे अधिक दणकट.
- फिरती कडी: फ्रान्सच्या ओपिनेल चाकूवर 1955 पासून असते. साधी आणि स्वस्त.

स्टील कसं असावं?

कडकपणा रॉकवेल मापाने मोजतात. चांगल्या घडीच्या चाकूंचा आकडा साधारण 56 ते 62 असतो. त्याहून मऊ पोलादाची धार लवकर जाते. कडकपणा वाढवला की धार टिकते, पण पातं ठिसूळ होत जातं आणि आडवा जोर लागला तर टवका उडू शकतो. दणकट चाकूत म्हणून थोडी धार सोडून चिवटपणा निवडतात.

खाडीकाठच्या शहरात गंजाचाही विचार हवा. डी2 हे लोकप्रिय पोलाद धार छान धरतं. त्यात सुमारे 12 टक्के क्रोमियम असतं, पण त्यातलं बरंच कार्बनशी बांधलं गेल्याने ते पूर्ण स्टेनलेस ठरत नाही. दमट, खारट हवेत पातं पुसून तेलाचा हलका हात फिरवावा. खिळीपाशी बॉल बेअरिंग असेल तर पातं सर्रकन उघडतं, पण त्यात रेती लवकर अडकते. कामाच्या चाकूला ब्राँझचे साधे वॉशर बरे.

कायदा काय म्हणतो?

- शस्त्र अधिनियम, 1959: निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेली साधनं ‘शस्त्र’ ठरत नाहीत. शस्त्र नियमांच्या यादीत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या चाकूंचा उल्लेख आहे. घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामाची पाती त्यातून वगळली आहेत.
- महाराष्ट्र पोलीस अधिनियम, कलम 37(1): पोलीस आयुक्त मनाई आदेश काढून चाकू, काठ्या, तलवारी बाळगून फिरण्यावर बंदी घालू शकतात. सण, निवडणुका, आंदोलनं अशा काळात नवी मुंबईत असे आदेश निघत असतात. त्या काळात ‘माझं पातं तर छोटं आहे’ ही सबब चालत नाही. मोडल्यास कलम 135 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.
- भारतीय न्याय संहिता, कलम 37: स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण बचावासाठी आवश्यक तेवढंच बळ वापरता येतं. समोरचा निःशस्त्र असताना पातं उघडलं तर तुम्हीच आरोपी ठरू शकता.
- विमान प्रवास: केबिन बॅगेत चाकू चालत नाही. चेक-इन सामानात ठेवा.

मग घ्यावा का?

ट्रेक, मासेमारी, पार्सल उघडणं, दोरी कापणं यांसाठी चांगल्या लॉकचा छोटा चाकू उपयोगी आहे. काम असेल तेव्हाच सोबत न्या आणि बॅगेत मिटवून ठेवा. मात्र ‘लढाईसाठी’ म्हणून विकला जाणारा चाकू सांध्यामुळे लढाईत कच्चा ठरतो आणि पोलिसांनी झडती घेतली तर त्याचं ते नावच तुमच्या विरोधात जाऊ शकतं. प्रसंग ओढवलाच तर तिथून निघून जा आणि 112 वर फोन करा.