वाइटाचा धनी कोण?



बायबलाच्या जुन्या करारात दावीद राजाने केलेल्या शिरगणतीची हकिकत दोन ठिकाणी आली आहे. राजाने प्रजेची मोजदाद केली, ते देवाला रुचले नाही, आणि देशात मरी येऊन सत्तर हजार माणसे मेली, असा तिचा सारांश. पण राजाला ही बुद्धी दिली कोणी? शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात म्हटले आहे की, देवाचा कोप झाला होता आणि त्यानेच दाविदाला या कामास प्रवृत्त केले. इतिहासाचे पहिले पुस्तक कित्येक पिढ्यांनंतर लिहिले गेले. त्यात तोच राजा, तीच शिरगणती, तीच मरी. मात्र राजाला चिथावणारा देव नसून सैतान आहे. चौकशीचे कागद आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. घटना जशीच्या तशी ठेवून फक्त ठपका दुसऱ्याच्या नावावर टाकण्याची ही रीत आम्हांस ओळखीची वाटली.

आम्ही धर्मशास्त्राचे पंडित नव्हे. आमची शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण नगर वाचनालयात व युनियनच्या कचेरीत झाले. त्या कचेरीत तीस वर्षे एकच प्रश्न निरनिराळी नावे घेऊन येत राहिला: नुकसान तर झाले, आता जबाबदार कोण? सैतानाचा इतिहास आज आम्ही याच प्रश्नाच्या अंगाने सांगणार आहोत. ज्यांना देवधर्माचा अधिकारी पुरुष ऐकावयाचा असेल त्यांनी आम्हांस क्षमा करावी.

'सातान' या हिब्रू शब्दाचा मूळ अर्थ आडवा येणारा, विरोधी, एवढाच आहे. बलामाच्या वाटेत तलवार उपसून जो उभा राहतो तो तर देवाचाच दूत, पण त्याच्या संबंधात हाच शब्द आला आहे. ईयोबाच्या पुस्तकात हा सातान देवाच्या दरबारात हजर होतो, पृथ्वीवर फिरून आल्याचे सांगतो, ईयोबाची भक्ती खरी की स्वार्थाची हे पाहण्याची परवानगी मागतो, आणि परवानगी मिळेपर्यंत त्याला बोटही लावीत नाही. मूळ हिब्रूत या शब्दाला निश्चयवाचक उपपद जोडले आहे. म्हणजे ते विशेषनाम नव्हे, हुद्दा आहे, आपल्याकडे कोतवाल म्हणावे तसा. यशयाच्या पुस्तकात, इराणच्या सायरस बादशहाला उद्देशून बोलताना, प्रकाश व अंधार, स्वास्थ्य व अरिष्ट ही सारी आपणच करतो असे देव स्वतः बजावतो. तेथे दुसऱ्या कोणाच्या नावावर काही नाही.

या सायरसाने इ. स. पू. ५३९ मध्ये बाबिलोन घेतले, आणि तेथे कैदेत असलेले यहुदी इराणी राजवटीखाली आले. ते राज्य सुमारे दोनशे वर्षे टिकले. इराणी धर्मातील चांगल्या-वाइटाच्या लढ्याची छाया यहुदी विचारावर किती पडली, याबद्दल विद्वानांत वाद आहे. पण दोनशे वर्षांचा शेजार अगदीच वाया जात नसतो, असे आमचे मत आहे.

इराणचा विचार मोठा धीट होता. झरथुष्ट्राच्या स्वतःच्या मानल्या गेलेल्या गाथांत दोन जुळ्या मैन्यूंचे, म्हणजे मनःशक्तींचे, वर्णन आहे. एकाने सत्य निवडले, दुसऱ्याने असत्य. पुढे पहलवी ग्रंथांच्या काळापर्यंत या दुसऱ्याचा अहरिमन झाला, आणि अहुरमज्द व अहरिमन यांच्यामध्ये बारा हजार वर्षांचा झगडा उभा राहिला. रोग, दुष्काळ, मृत्यू ही सारी अहरिमनाची करणी. यात ईश्वर निर्दोष सुटतो खरा, पण त्याची किंमतही त्याला द्यावी लागते. झगडा संपेपर्यंत तो सर्वसत्ताधीश नाही. त्याला माणसाची मदत लागते. वेंदिदादात धान्य पेरणे हे धर्म पेरण्यासारखेच मानले आहे. नांगर धरणाऱ्याला देवाच्या फौजेत जागा देणारा हा विचार आम्हांस तरी मनापासून आवडतो.

आता हाच अहरिमन आपल्या मुंबईत कसा वादात सापडला ते पाहू. १८२९ साली स्कॉटलंडचे मिशनरी डॉ. जॉन विल्सन मुंबईत आले. १८३९ साली त्यांच्याकडच्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, प्रकरण कोर्टात गेले आणि सारा पारशी समाज खवळून उठला. विल्सनसाहेब मोठे विद्वान, आणि वादाला कधी न कंटाळणारे. १८४३ साली त्यांनी पारशी धर्मावर एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ छापला. त्यांचा मुख्य मारा येथेच होता: तुमच्याकडे दोन कर्ते आहेत, आणि ज्याच्या सत्तेला वाटेकरी आहे तो ईश्वर कसला?

पारशी समाजातून उत्तरे आली. ती सारी एका सुराची नव्हती. कोणी जुने मत तसेच धरून ठेवले. कोणी म्हणाले की अहरिमन ही कोणी व्यक्ती नव्हे, माणसाच्या मनातील दुर्वासनेला दिलेले ते नाव आहे. घरात मात्र कुस्ती सोडताना अहरिमनाच्या उल्लेखापाशी तिची टोके झटकण्याचा प्रघात चालूच होता. वर्तमानपत्रातून ज्याला रूपक ठरवले त्याला घरात रोज झटकून टाकले जात होते. यात आम्हांस विसंगती दिसत नाही. माणसाचे हात त्याच्या युक्तिवादापेक्षा सावकाश बदलतात.

नवल वाटते ते विल्सनसाहेबांचे. ख्रिस्ती सैतान हा काही दुबळा गडी नव्हता. १२१५ साली रोमच्या लॅटरन परिषदेने ठराव केला होता की, सैतान हा देवानेच चांगला म्हणून निर्माण केला व तो स्वतःच्या करणीने दुष्ट झाला. म्हणजे कर्ता एकच राहिला आणि दोषही त्याच्या अंगाला लागला नाही. तोड नामी आहे. पण चांगल्या म्हणून घडवलेल्यात वाईट शिरले कोठून, हा प्रश्न तिने एक पायरी मागे ढकलला, मिटवला नाही. तो प्रश्न पारशांनाच काय तो विचारावा, असा हक्क कोणालाच नव्हता.

पारशांना खरा आधार मिळाला तो पुण्यातून. १८५९ साली पुण्याच्या सरकारी कॉलेजात संस्कृतचे काम पाहण्यासाठी मार्टिन हौग नावाचे जर्मन पंडित आले आणि १८६६ पर्यंत राहिले. १८६२ साली मुंबईत छापलेल्या निबंधसंग्रहात त्यांनी दाखवले की, झरथुष्ट्राचे खरे शब्द गाथांतच शोधावेत, आणि तेथे दोन्ही मैन्यू एकाच अहुरमज्दाच्या ठिकाणी आहेत; दोन ईश्वरांची गोष्ट मागाहूनची. आपला धर्म एकेश्वरी असल्याचा हा दाखला मुंबईच्या पारशांना हवाच होता. पण आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने पाहावे तर वाइटाचा बोजा अहरिमनाच्या खांद्यावरून उतरला आणि निवड करणाऱ्या माणसाच्या डोक्यावर आला.

हौगसाहेबांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले. आपण ज्यांना देव म्हणतो ते इराणी भाषेत 'दएव', म्हणजे राक्षस. त्यांचा 'अहुर' तो आपला 'असुर'. वेंदिदादाचे नावच दएवांविरुद्धचा कायदा अशा अर्थाचे आहे, आणि त्यातील दुष्टांच्या यादीत आपला इंद्र बसला आहे. उलट ऋग्वेदाच्या जुन्या सूक्तांत वरुणाला असुर म्हटले आहे ते गौरवाने. कधी काळी एकत्र असलेल्या दोन शाखा भांडून वेगळ्या झाल्या, असे हौगसाहेबांना वाटले. पुढील अभ्यासकांना गोष्ट इतकी सरळ वाटत नाही. पण एकाच्या देव्हाऱ्यातील मूर्ती शेजाऱ्याच्या घरी भूत होते, एवढे मात्र त्यावरून कळते.

याला इराणपर्यंत जावयास नको. गोव्यात आणि खाली कोकणात 'देवचार' म्हणजे गावाचा राखणदार. तो रात्री शिवेवरून फेरी घालतो, चुकलेल्याला वाट दाखवतो, त्याला त्याचा मान द्यावा लागतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले, देवळे पाडली गेली, १५६० साली इन्क्विझिशन बसले. १५७९ साली गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले. मराठी भाषेवर या माणसाचे जे प्रेम होते त्याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. परंतु सैतानाला मराठी नाव हवे होते, आणि ते मिळाले 'देवचार'. गोव्याच्या ख्रिस्ती घरांतून तो शब्द आजही सैतान याच अर्थाने बोलला जातो. त्याच गावातील हिंदू त्याला राखणदार म्हणून नारळ ठेवतो. जुन्या मालकाच्या पहारेकऱ्याला नव्या मालकाने चोर ठरवावे, असाच हा प्रकार.

आणि बळीराजा? पुराणात तो असुर, वामनाने पाताळात घातलेला. आमच्या आया-बहिणी मात्र दिवाळीत त्याचेच राज्य परत येवो म्हणून ओवाळतात. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा असुर ठरवलेल्या या राजाला शेतकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून पुढे आणले आणि पुराणाचा खटला उलट तपासाला घेतला.

असुर इतके असूनही आपल्याकडे एक सैतान का झाला नाही? कारण वाइटाचा हिशेब आपण कर्माच्या खात्यात मांडला. जगात एक सुखी, एक दुःखी. मग ईश्वर पक्षपाती आणि निर्दय नव्हे काय, असा आक्षेप ब्रह्मसूत्रांत घेतला आहे, आणि शंकराचार्यांनी त्यावर भाष्य करताना सांगितले की नाही, ज्याच्या-त्याच्या कर्माप्रमाणे तो फळ देतो. बुद्धीला हे उत्तर मोठे रेखीव वाटते. आम्हांस त्याची जी बाजू दिसली ती कचेरीतून दिसली.

काही वर्षांपूर्वी एका सूतगिरणीत एका कामगाराचा उजवा हात यंत्रात गेला. गिरणीच्या कागदावर कारण लिहिले होते: कामगाराचा निष्काळजीपणा. त्याची आई म्हणाली, गेल्या जन्मीचे देणे होते. भावाचे मत पडले की शेजारणीने काही केले असावे. यंत्राच्या फिरत्या भागाला जाळी नव्हती, हे चौथे कारण कोणीच उच्चारले नव्हते, आणि धोक्याच्या भागांना कुंपण घालण्याची सक्ती तर १९४८ च्या कारखाने कायद्यातच होती. आईला आम्ही खोडून काढले नाही. त्या माउलीला त्या विचारावाचून दुसरा आधार नव्हता. फक्त तिचे कारण गिरणीच्या फार सोयीचे होते. ईयोबाचे मित्रही त्याच्या राखेच्या ढिगाशेजारी बसून हेच सांगत होते की, तू काहीतरी पाप केले असशीलच; आणि त्या कथेच्या शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर.

तर मग वाईट माणसाच्या आतच आहे म्हणावे काय? बौद्ध ग्रंथांतील मार बुद्धाशी लढावयास सेना घेऊन येतो, पण त्या सेनेच्या तुकड्यांची नावे पाहावीत: वासना, अरती, तहानभूक, आळस, भीती, शंका. बाहेरचा शत्रू असा त्यात एकही नाही. कुराणात इब्लिसाने आदमापुढे मान लवविण्याचे नाकारले, आपण अग्नीचे आणि हा मातीचा, या जातीच्या गर्वाने. परंतु आम्हांस खरा विचार करावयास लावले ते निवाड्याच्या दिवसाच्या वर्णनाने. तेथे सैतान आपल्या अनुयायांना सांगतो की, माझी तुमच्यावर सत्ता नव्हती. मी बोलावले, तुम्ही आलात. मला दोष देऊ नका, स्वतःला द्या. आरोपीचा इतका मुद्देसूद जबाब आम्ही दुसरीकडे वाचला नाही. तो खराही आहे. पण बोलावणाऱ्याच्या तोंडी आला म्हणजे तोही किती सोयीचा होतो!

आणि भावाने जे कारण सांगितले, शेजारणीचे, त्याचाही इतिहास आहे. विल्सनसाहेबांच्या स्कॉटलंडात १५६३ पासून १७३६ पर्यंत चेटुकविरोधी कायदा होता. त्या काळात सुमारे ३,८०० माणसांवर सैतानाशी संगनमत केल्याचे आरोप झाले. त्यांतल्या पाचांत चार बायका होत्या. गाय आटली, मूल दगावले की कोणा तरी म्हातारीचे नाव निघे. आपल्याकडे सातपुड्यात डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाल्याच्या बातम्या आम्ही वर्तमानपत्रांत वाचल्या आहेत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि त्यांनी वर्षानुवर्षे मागितलेला जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी महाराष्ट्रात आला. स्कॉटलंडच्या चर्चने आपल्या वाट्याच्या दोषाची क्षमा मागितली ती २०२२ साली, तो कायदा रद्द झाल्यावर २८६ वर्षांनी.