सुरी दुसऱ्याची, नियत आपली : कुर्बानीतील वकिलीचा इतिहास

'वकील' हा शब्द मराठीने अरबी-फारसीतून घेतला आणि इतका आपलासा केला, की त्याचे मूळ घर आपल्या ध्यानातही राहिले नाही. हिंगणे हे पेशव्यांचे दिल्लीतील वकील, गोविंदराव काळे निजामाच्या दरबारातील. धन्याच्या वतीने, धन्याच्या अधिकाराने बोलणारा तो वकील. इंग्रजी अमलात हा शब्द न्यायालयाच्या आवारापुरता उरला. इस्लामी धर्मशास्त्रात, म्हणजे फिक्हमध्ये, 'वकालत' हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. माणसाने कोणती कामे दुसऱ्यावर सोपवावीत आणि कोणती सोपवताच येत नाहीत, याचा बारकाईने केलेला विचार तेथे आढळतो. खरेदी-विक्री सोपवता येते, विवाहाचा करार सोपवता येतो. नमाज मात्र ज्याची त्यानेच पढायची. मग कुर्बानी कोणत्या बाजूची? ती उपासना आहे, म्हणजे नमाजेच्या बाजूची. पण तीत द्रव्य आहे, पशू आहे, वाटप आहे, म्हणजे व्यवहाराच्याही बाजूची. या दुहेरी स्वरूपातूनच 'दुसऱ्याच्या वतीने कुर्बानी' या प्रथेचा सारा इतिहास घडला आहे.

अलीकडे या प्रथेविषयी एक तक्रार वारंवार ऐकू येते. पैसे भरले, पावती मिळाली, कुठेतरी बकरा कापला गेला. ना त्याचे तोंड पाहिले, ना मांसाचा तुकडा घरी आला. ही कसली कुर्बानी? तक्रारीत तथ्य नाही असे नाही. परंतु तीमागे एक गृहीत असते, की पूर्वी प्रत्येक जण स्वतःच्या हाताने कुर्बानी करीत असे आणि प्रतिनिधी हा बाजारयुगाचा शोध आहे. इतिहास या गृहीताला दुजोरा देत नाही.

'कुर्बान' या शब्दाचा अरबी धातू 'जवळ असणे' या अर्थाचा आहे. हिब्रूतील 'कोरबान' हा त्याचाच भाऊबंद. म्हणजे बळीचा अर्थ येथे 'मारणे' असा नसून 'जवळ जाणे' असा आहे. इब्राहीमला स्वप्नात पुत्राचा बळी देण्याची आज्ञा झाली आणि अखेरच्या क्षणी पुत्राच्या जागी पशू आला, ही कथा कुराणाच्या सदतिसाव्या अध्यायात येते. तेथे पुत्राचे नाव घेतलेले नाही. मुस्लिम परंपरेने बहुतांशी तो इस्माईल मानला. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की या विधीच्या मूळ कथेतच एकाच्या जागी दुसरा उभा आहे. बाविसाव्या अध्यायात मांस आणि रक्त ईश्वरापर्यंत पोहोचत नाही, पोहोचते ती भक्तांची धर्मनिष्ठा, असा आशय आहे. आणि त्याच संदर्भात स्वतः खा, गरजूंनाही खाऊ घाला, अशी आज्ञा आहे. हात कोणाचा, याला तेथे प्राधान्य नाही.

पैगंबरांच्या चरित्रात तर प्रतिनिधीचे दाखले स्पष्टच आहेत. हिजरी ९ मध्ये, म्हणजे इ. स. ६३१ मध्ये, ते स्वतः मदिनेतच राहिले आणि बळीचे पशू अबू बक्र यांच्याबरोबर मक्केस पाठवले. त्या पशूंच्या गळ्यांतील माळा आपण स्वतः वळल्या होत्या, असे आयेशा यांनी सांगितल्याचे हदीसग्रंथांत नमूद आहे. पुढच्याच वर्षी, इ. स. ६३२ मध्ये, अखेरच्या हजच्या वेळी शंभर उंट होते. त्यांपैकी त्रेसष्ट पैगंबरांनी स्वहस्ते कापले आणि उरलेले अलींवर सोपवले. मग प्रत्येक उंटाच्या मांसाचा एकेक तुकडा एकाच भांड्यात शिजवून दोघांनी तो खाल्ला, रस्सा प्याले. अलींना आणखी एक ताकीद होती : कातडी आणि पाठीवरच्या झुलीही वाटून टाकाव्यात आणि कापणाऱ्याची मजुरी बळीच्या पशूतून देऊ नये, ती वेगळी द्यावी. या एका प्रसंगात पुढील सारे शास्त्र बीजरूपाने आहे. हात बदलला तरी चालतो; परंतु बळीतून कोणाची कमाई होता कामा नये.

या बीजाचा वृक्ष कसा वाढला हे पाहायचे, तर बाराव्या शतकातील मर्गिनानी यांचा 'हिदाया' हा हनफी ग्रंथ उघडावा. चार्ल्स हॅमिल्टनने १७९१ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि तो कंपनीच्या न्यायालयांत प्रमाण मानला जाऊ लागला. कुर्बानीचे त्यातील प्रकरण वाचताना एखाद्या जुन्या गावातील कज्जेदलाल्यांचे दप्तर वाचत असल्यासारखे वाटते. स्वतः कापणे उत्तम. ते जमत नसेल तर दुसऱ्याकडून करवून घ्यावे, पण आपण जवळ उभे राहावे, असा त्याचा सल्ला आहे. शेळी-मेंढी एका माणसासाठी. गाय किंवा उंट सात जणांच्या भागीदारीत. पण सातांपैकी एकाचा जरी हेतू केवळ मांस मिळवण्याचा असला, तरी साऱ्यांचीच कुर्बानी वाया जाते. सातांपैकी एक जण ईदपूर्वी मरण पावला आणि त्याच्या वारसांनी 'त्याच्या आणि तुमच्या वतीने कापा' असे सांगितले, तर मात्र ती सर्वांची ग्राह्य ठरते.

त्यातील दोन निवाडे विशेष मार्मिक आहेत. दोन माणसांनी चुकून एकमेकांचे पशू कापले तर? काटेकोर तर्काने पाहता दोघांनीही परक्याच्या मालाचा नाश केला. पण 'हिदाया' म्हणतो, दोघांचीही कुर्बानी झाली आणि भरपाईचा प्रश्न नाही. ज्याने पशू याच कामासाठी घेतला, त्याने जणू येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मदतीची मुभा दिलेली आहे. न बोलता दिलेले हे वकीलपत्रच म्हणायचे. दुसरा निवाडा वेळेचा. शहरात ईदच्या नमाजेपूर्वी कुर्बानी करता येत नाही. जेथे ही नमाज होत नाही अशा खेड्यात पहाट फुटताच करता येते. मग शहरवासीयाला घाई असेल तर त्याने काय करावे? पशू शहराबाहेर पाठवावा आणि तेथे पहाटे कापून घ्यावा. मालक कोठे आहे हे गौण, पशू कोठे आहे हे मुख्य. आपला बळी दुसऱ्या गावी करवून घेण्याची सोय आठशे वर्षांपूर्वीच शास्त्राने मान्य केली होती.

सर्व पंथांचे मत मात्र एक नाही. हनफींच्या मते ऐपत असलेल्यावर कुर्बानी 'वाजिब', म्हणजे आवश्यक. शाफईंच्या मते ती आग्रहाची सुन्नत. मृताच्या वतीने कुर्बानी हनफी मोकळेपणाने करतात. शाफई मतानुसार बहुधा मृताने तशी इच्छा सांगून ठेवलेली असावी लागते. हा भेद महाराष्ट्रात दूरचा नाही. देशावरचे बहुसंख्य मुसलमान हनफी, तर कोकणी मुसलमान शाफई. कोकणातून आखातात गेलेला माणूस गावी पैसे पाठवून कुर्बानी करवतो, तेव्हा त्याच्यासमोर 'हिदाया'तील तोच जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. तेथील ईद बहुधा आपल्याकडच्या आधी येते. मग दिवस कोणाचा धरायचा, त्याचा की बकऱ्याचा?

मराठी मुलखात मात्र या प्रतिनिधित्वाचा एक असा आविष्कार झाला, जो कोणत्याही फिक्हग्रंथात शोधून सापडणार नाही. तो म्हणजे गावगाड्यातील मुलाणी. बलुतेदारांच्या अनेक याद्यांत मुलाण्याचे नाव आहे. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात त्याची नोंद घेतली आहे. मशिदीची आणि पिराची व्यवस्था पाहणारा हा माणूस देवळापुढे आणि शेतात हिंदूंनी दिलेले बकरेही कापीत असे. त्याने सुरी फिरवल्याखेरीज ते मांस न खाण्याची रीत अनेक मराठा घरांत होती. नवस कुणब्याचा, दैवत गावाचे, सुरी आणि मंत्र मुलाण्याचा. शास्त्राच्या दृष्टीने दोन्ही बाजूंना हे अडचणीचे. गावाच्या दृष्टीने ही नित्याची व्यवस्था. 'नियत' हा शब्द मराठीत 'नियत साफ असणे' असा रुजला, तो अशाच शेजारातून रुजला असावा.

आधुनिक काळात या व्यवस्थेवर कायद्याची आणि संख्येची, अशी दोन बाजूंनी गाठ पडली. १९५८ मध्ये हनीफ कुरेशी विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'हिदाया'चाच आधार घेतला. एका माणसासाठी बकरा किंवा सातांसाठी गाय वा उंट असा पर्याय असेल, तर गायच कापणे धर्मतः अनिवार्य ठरत नाही, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. सात माणसांच्या कुटुंबाला सात बकरे परवडणार नाहीत, एक गाय परवडेल, हा युक्तिवादही निकालपत्रात आहे. पण ती आर्थिक सक्ती झाली, धार्मिक नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. तर्क निर्दोष आहे. तरीही आम्हांला असे वाटते, की सात हिश्शांची सोय ही मुळात गरिबाची सोय होती आणि शास्त्राने आर्थिक व धार्मिक यांत इतकी स्वच्छ रेघ कधी ओढलीच नव्हती. ऐपत हाच जेथे धार्मिक कर्तव्याचा निकष, तेथे किंमत हा धर्मबाह्य मुद्दा कसा? महाराष्ट्रात २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. तेव्हापासून सात हिश्शांसाठी म्हैसवर्गीय जनावरच उरले.

संख्येचा प्रश्न मक्केत उभा राहिला. हजयात्रेकरू लाखांच्या घरात गेले, तशी मिना येथे कापलेल्या पशूंची विल्हेवाट हीच समस्या झाली. खाणाऱ्यांपर्यंत न पोहोचलेले मांस पुरून टाकावे लागे. १९८३ मध्ये सौदी सरकारने यासाठी प्रकल्प उभारून त्याचे काम इस्लामी विकास बँकेकडे सोपवले. यात्रेकरूने कूपन घ्यावे, कत्तलखान्यात त्याच्या वतीने पशू कापला जावा आणि मांस गोठवून अनेक देशांतील गरिबांना पाठवले जावे, अशी ही योजना. मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय हज समितीमुळे आपल्याकडील यात्रेकरूंनाही हे कूपन परिचित झाले. तरी एक अडचण राहिलीच. अबू हनीफांच्या मते खडे मारणे, बळी आणि मुंडण हा क्रम पाळणे आवश्यक. आपला पशू नेमका केव्हा कापला गेला हे कळल्याशिवाय हनफी यात्रेकरूने केस कसे उतरवावेत? यंत्रणा कितीही मोठी झाली, तरी वकिलाने धन्याला 'काम झाले' असे सांगण्याची गरज सुटत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत महाराष्ट्र शासनाने जनावरांचे बाजार बंद ठेवून खरेदी ऑनलाइन करण्याचे आणि शक्यतो प्रतीकात्मक कुर्बानी करण्याचे आवाहन केले, तेव्हा नाराजी उमटली. 'प्रतीकात्मक' म्हणजे काय, हा प्रश्न रास्त होता. शास्त्राला प्रतिनिधी मान्य आहे, पण बळीऐवजी त्याचे प्रतीक मान्य नाही. त्या दिवसांत पशूऐवजी पैसे दान केले तरी हनफी मते कर्तव्य फिटत नाही. हमीद दलवाई यांनी १९७० मध्ये स्थापन केलेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाने ईदनिमित्त रक्तदानाचा पर्याय मांडला आहे. तो या चौकटीबाहेरून केलेला विचार आहे आणि तसाच तो तपासला पाहिजे. कृती दुसऱ्याकडून करवून घेणे आणि कृतीच बदलणे, या दोन गोष्टी वादात नेहमी एकत्र केल्या जातात. त्या वेगळ्या ठेवल्या तर निम्मा वाद तरी स्वच्छ होईल.

आता आरंभीच्या तक्रारीकडे वळू. कुर्बानीत हात सोपवता येतो, जागा सोपवता येते, वाटपही सोपवता येते. सोपवता येत नाही ती नियत. आणि वकिलाने पशूतून स्वतःची कमाई काढायची नाही, हे बंधन. या दोन कसोट्यांवर पावतीची कुर्बानी उतरू शकते. दूरच्या देशातील ज्या घरात वर्षातून एकदाच मांस शिजते, त्या घरासाठी ती मोलाचीही आहे. हरवतो तो शेजारी. अलींबरोबर एकाच भांड्यातून खाल्लेला तुकडा, मुलाण्याने वाड्यावर पोचता केलेला वाटा, ईदच्या दुपारी झाकलेले ताट घेऊन दारात उभा राहिलेला मुलगा, हे पावतीत मावत नाही. प्रतिनिधी हा या परंपरेचा शत्रू कधीच नव्हता. प्रश्न एवढाच, की वकील नेमताना आपण शेजारधर्माचेही मुखत्यारपत्र त्याला देऊन मोकळे होतो की काय. याचे उत्तर कोणताही फिक्हग्रंथ देणार नाही. ते ज्याचे त्याने द्यायचे आहे, आणि येथे वकील चालत नाही.