भंडाऱ्याच्या इतिहासातील दोन पाने

माणसाच्या मनातील पूर्वग्रह शिकवून घालविता येतो काय, हा प्रश्न आता केवळ तत्त्वचिंतकांचा राहिलेला नाही. शाळा-महाविद्यालये, पोलीस प्रशिक्षण केंद्रे आणि सेवाभावी संस्था यांत ‘विविधतेचा आदर’ या विषयावर शिबिरे भरतात आणि ती चालविणारा प्रशिक्षकांचा एक वर्गही तयार झाला आहे. या मंडळींच्या हाताशी पुष्कळशी साधने परदेशातून येतात. अमेरिकेत १९९१ साली शिक्षकांसाठी सुरू झालेल्या ‘टीचिंग टॉलरन्स’ या उपक्रमाचे पाठ आज कोणालाही संगणकाच्या पडद्यावर विनामूल्य वाचता येतात. आयोवा राज्यातील राइसव्हिल गावच्या जेन इलियट या शिक्षिकेने ५ एप्रिल १९६८ रोजी, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, तिसरीच्या वर्गात केलेला प्रयोग तर जगभर प्रसिद्ध आहे. निळ्या डोळ्यांची मुले एकीकडे, पिंगट डोळ्यांची दुसरीकडे. एका गटाला श्रेष्ठ ठरवायचे आणि नंतर पारडे उलटे करायचे.

प्रयोग बोलका आहे यात शंका नाही. परंतु आपल्याकडे माणसाची पारख डोळ्यांच्या रंगावरून होत नाही. ‘आडनाव काय?’ आणि ‘गावात घर कोणीकडे?’ हे दोन साधे प्रश्न पुरेसे असतात. शिवाय राइसव्हिलच्या मुलांची भूमिका दोन दिवसांत बदलली. आपल्याकडे ती पिढ्यान्‌पिढ्या बदलली नाही. म्हणूनच आम्हांस असे वाटते की, पूर्वग्रहाचा पाठ देणाऱ्याने आधी आपल्याच जिल्ह्याचा इतिहास उघडावा. उदाहरणादाखल भंडारा जिल्ह्याची दोन पाने येथे मांडीत आहोत. एक १९५४ सालचे, दुसरे २००६ सालचे.

त्या काळी भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता. लोकसभेचा भंडारा मतदारसंघ द्विसदस्यीय होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते असत आणि ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यावी लागत. १९५२ च्या निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत पराभूत झाले होते. १९५४ च्या उन्हाळ्यात भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली तेव्हा ते शेड्यूल्ड कास्ट्‌स फेडरेशनतर्फे राखीव जागेसाठी उभे राहिले. सर्वसाधारण जागेसाठी प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता रिंगणात होते. निकाल लागला तेव्हा मेहता निवडून आले आणि बाबासाहेब मात्र काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून सुमारे ८,००० मतांनी हरले. ज्यांच्या हातून संविधानाचा मसुदा घडला, त्यांना लोकसभेत पाठविण्याची संधी या जिल्ह्याला मिळाली होती, ती हुकली.

या निवडणुकीची एक आठवण विदर्भात आजही सांगितली जाते. अनुयायांनी एकच मत बाबासाहेबांना द्यावे व दुसरे कोणालाही न देता वाया घालवावे, म्हणजे विजय सोपा होईल, अशी सूचना काही कार्यकर्त्यांनी केली. बाबासाहेबांनी ती मानली नाही. मताचा अधिकार ज्याने घटनेत लिहिला, त्यानेच मत वाया घालविण्यास सांगावे हे त्यांना रुचले नाही.

आता प्रशिक्षकाची कसोटी येथे लागते. ‘दलितांनी आपले दुसरे मत मेहतांना दिले, पण इतरांनी आपले दुसरे मत बाबासाहेबांना दिले नाही,’ असा या निकालाचा अर्थ अनेकांनी लावला आहे. तो तर्कसंगत आहे. तरीही मतदान गुप्त होते. कोणाच्या हाताने कोणते मत पेटीत पडले याची नोंद नाही. काँग्रेसची गावोगावची संघटना बळकट होती, हेही विसरून चालणार नाही. पुरावा कोठे संपतो आणि अनुमान कोठे सुरू होते, हे शिबिरार्थींना दाखविणे हाच पूर्वग्रहावरचा पहिला उपचार होय. थोड्या माहितीवरून साऱ्या समाजाविषयी निर्णय देणे यालाच तर आपण पूर्वग्रह म्हणतो! तो सवर्णांविषयीही होऊ शकतो. मात्र एवढे निश्चित म्हणता येईल: कायद्याने दोन मते दिली तरी दुसऱ्या मतासाठी माणूस परक्या वाड्याकडे पाहील, याची हमी कायदा देऊ शकत नाही.

योगायोग असा की, त्याच १९५४ साली अमेरिकेत गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाचा पूर्वग्रहाच्या स्वरूपावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. आजचे बहुतेक प्रशिक्षण त्याच्याच पायावर उभे आहे. ऑलपोर्ट यांनी पूर्वग्रहाच्या पाच पायऱ्या सांगितल्या: वाईट बोलणे, टाळणे, वेगळी वागणूक देणे, अंगावर हात टाकणे आणि शेवटी समूळ संहार. पहिल्या पायरीवर पाय ठेवणारा प्रत्येक जण पाचवीपर्यंत जातोच असे नाही. परंतु खालच्या पायऱ्यांची सवय झाली की वरची चढण सोपी होते, असे त्यांचे म्हणणे.

या पायऱ्या डोळ्यांसमोर ठेवून दुसरे पान वाचावे. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजी गावात भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील चौघांची जमावाने हत्या केली. सुरेखाबाई, त्यांची मुलगी प्रियांका आणि सुधीर व रोशन ही दोन मुले. भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले. २० जानेवारी २०१७ रोजी त्यांचेही निधन झाले. शेतातील वाटेचा वाद आणि मारहाणीच्या एका प्रकरणात मायलेकींनी दिलेली साक्ष ही तात्कालिक कारणे होती. परंतु सत्यशोधन समित्यांच्या अहवालांतून पुढे आलेले चित्र अधिक जुने होते. कष्टाने शेती करणारे, मुलांना शिकविणारे, कोणापुढे न वाकणारे हे कुटुंब अनेकांच्या डोळ्यांत सलत होते आणि सुरेखाबाईंच्या चारित्र्याविषयी कुजबुज सुरू होती. म्हणजे पहिली पायरी केव्हाच चढून झाली होती. हत्याकांडानंतरच्या काही बातम्यांनीही तोच सूर लावला आणि महाराष्ट्र खडबडून जागा व्हायला महिन्याहून अधिक काळ गेला.

भंडाऱ्याच्या न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप दिली. १४ जुलै २०१० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा ठरविली. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा मात्र दोन्ही न्यायालयांनी सिद्ध मानला नाही. हे कृत्य सूडातून घडले, जातिद्वेषातून नव्हे, असे उच्च न्यायालयाचे मत पडले. या निष्कर्षावर तीव्र टीका झाली. न्यायालय आरोपीचा हेतू पुराव्याने तपासते. गावातील इतके लोक गप्प का राहिले, हा प्रश्न त्याच्यापुढे नसतो. तो समाजापुढे असतो, आणि म्हणून शिक्षकापुढेही.

येथे आणखी एका प्रचलित समजुतीची परीक्षा होते. माणसे एकमेकांच्या सहवासात आली की पूर्वग्रह गळून पडतो, असे शिबिरांतून सांगितले जाते. भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. पावसाळ्यात रोवणीला बांधीच्या चिखलात निरनिराळ्या जातींच्या बाया एका ओळीत वाकून उभ्या असतात. सहवास काय कमी आहे? परंतु ऑलपोर्ट यांनी सहवासाला चार अटी घातल्या होत्या: समान दर्जा, समान ध्येय, परस्पर सहकार्य आणि अधिकारस्थानांचा पाठिंबा. बांधीत सहकार्य असते, पण एक मालक असतो व दुसरा मजूर. संध्याकाळी वाटा वेगळ्या होतात. दर्जा समान नसेल तर रोजचा सहवास कधीकधी विषमतेची सवयच पक्की करतो. खैरलांजीतही सारे एकमेकांना ओळखत होते. अनोळखी कोणीच नव्हते.

या दोन पानांची साधनसामग्री आज दुर्मीळ राहिलेली नाही. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड, अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या कलमावर २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत झालेली चर्चा, न्यायालयांचे निवाडे, हे सर्व खेड्यातील शिक्षकालाही घरबसल्या वाचता येते. उणीव आहे ती हे कागद स्थानिक माणसांसमोर, त्यांच्या बोलीत आणि त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे न करता मांडणाऱ्या शिक्षकांची. ‘खैरलांजीचे लोक दुष्ट होते’ एवढेच सांगून पाठ संपविला, तर ऐकणारा सुखाने घरी जातो. कारण तो खैरलांजीचा नसतो. पाठ खरा तेव्हा होतो, जेव्हा तो विचारतो, ‘आमच्या गावात आज पहिल्या पायरीवर कोण उभे आहे?’

हा प्रश्न आम्हां ख्रिस्ती लोकांनाही चुकविता येणार नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली वंश, लिंग, वर्ण वा सामाजिक स्थितीवरून होणारा भेदभाव परमेश्वराच्या योजनेविरुद्ध असल्याचे सांगितले. तरीही २०१६ साली दलितांच्या सबलीकरणाचे धोरण जाहीर करताना भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेला आपल्याच चर्चमध्ये भेदभाव असल्याची कबुली द्यावी लागली. सोयरीक जुळविताना आमच्या घरांत कोणते प्रश्न कुजबुजत विचारले जातात, हे प्रत्येकाने आठवून पाहावे.

१९५४ च्या भंडाऱ्यात प्रत्येक मतदाराच्या हातात दोन मते होती. द्विसदस्यीय मतदारसंघ १९६१ साली कायद्याने संपले. परंतु एका अर्थाने दुसरे मत आपल्यापाशी अजून शिल्लक आहे. पहिले आपण आपल्या माणसांना देतोच. ते दुसरे, जे परक्या वाड्यातील माणसासाठी आहे, ते कुजबुज थांबविण्यासाठी, त्याच्या बाजूने साक्ष देण्यासाठी, त्याला समान दर्जाने घरात घेण्यासाठी वापरता येते. बाबासाहेबांनी ते वाया घालवू नका असे सांगितले होते. पूर्वग्रहाविरुद्ध शिकविणाऱ्याने भंडाऱ्याच्या इतिहासातून एवढा एक धडा घेतला तरी पुष्कळ झाले.