लॅपटॉप तापणे, खेळ चालू असताना (भंडारा जिल्हा)

संगणकीय खेळ चालू असताना प्रोसेसर व ग्राफिक्स चिप यांचे तापमान ठरलेल्या मर्यादेला भिडणे आणि त्यापायी यंत्राचा वेग उतरणे, पंखे सतत पूर्ण वेगाने फिरणे किंवा यंत्र बंद पडणे. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप-प्रोसेसरांत ही मर्यादा १००° से.च्या आसपास असते, तर एएमडीच्या प्रोसेसरांत ९५° ते १०५° से. मर्यादा आली की चिप आपली गती स्वतःच कमी करते. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. खेळणारा म्हणतो, ‘एफपीएस पडले’, म्हणजे दर सेकंदाच्या फ्रेम घटल्या. चिप जळण्याची भीती त्या मानाने कमी असते.

हवामान. लॅपटॉप ३५° से.पर्यंतच्या हवेत वापरावा, असे बहुतेक निर्माते सांगतात. वैनगंगेच्या खोऱ्यातील या जिल्ह्यात एप्रिल-मेच्या दुपारी पारा सहज ४०° ओलांडतो आणि नवतपाच्या नऊ दिवसांत ४५°च्या जवळ जातो. म्हणजे खेळ सुरू होण्यापूर्वीच यंत्र आपल्या मर्यादेबाहेर असते. पंखा आणि धातूच्या पात्या यांवर चालणारी शीतनव्यवस्था चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. विजेचा ठरावीक वापर असताना चिप हवेपेक्षा ठरावीक अंशांनीच अधिक तापते. उदाहरणार्थ, हा फरक ६०° असेल, तर २५°च्या खोलीत चिप ८५°वर राहील आणि ४२°च्या खोलीत १०२°वर जाऊ पाहील. दुसऱ्या खोलीत थ्रॉटलिंग अटळ आहे. पुण्या-बंगळूरच्या खोलीत बसून दिलेले सल्ले तुमसर किंवा पवनीत लागू पडत नाहीत, त्याचे मुख्य कारण हेच. दुरुस्तीच्या दुकानात जाण्याआधी खोलीत साधा तापमापक टांगावा.

घराच्या छताचाही यात वाटा असतो. स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि मध्यरात्रीपर्यंत ती खाली सोडत राहतो. टिनाचे छत दुपारी असह्य तापते, पण सूर्य मावळल्यावर लवकर निवते. त्यामुळे स्लॅबच्या वरच्या मजल्यावर रात्री दहाला खेळायला बसण्यात विशेष लाभ नाही, पहाट बरी.

कूलर. विदर्भातील उन्हाळ्याचे हे मुख्य साधन लॅपटॉपलाही उपयोगी पडते. मे महिन्यातील दुपारची हवा कोरडी असते. ४४° तापमान आणि १५ टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्याचे तापमान (कूलर हवेला याखाली नेऊ शकत नाही) सुमारे २३° येते. ताज्या वाळ्याचा किंवा वुडवूलचा चांगला भिजलेला कूलर अशा वेळी २७°-२८°ची हवा देऊ शकतो. चिपच्या दृष्टीने ही १५°हून अधिक सूट आहे. बाजारातील पॅड किंवा पेस्ट सहसा एवढी सूट देत नाही. अट अशी की समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत दमटपणा साचून कूलर निकामी होतो. यंत्र थेट झोतात ठेवू नये, कारण पाण्याचे तुषार आतील परिपथाच्या पट्टीवर क्षार सोडतात. पावसाळ्यात हवा मुळातच ओली असते, तेव्हा कूलरचा उपयोग केवळ पंख्याइतका.

धूळ. जिल्हा धानाचा. खरिपाच्या मळणीच्या हंगामात आणि उन्हाळी धान निघताना हवेत कोंड्याचा बारीक, खरखरीत कण असतो. भात गिरणीजवळच्या घरात तो वर्षभर असतो. हा कण पंख्याच्या पुढील पात्यांत अडकून नमद्यासारखा थर बसतो आणि पंखा फिरत असूनही हवा बाहेर येत नाही. वर्षातून दोनदा, मळणीनंतर व उन्हाळ्याच्या तोंडावर, खालचे झाकण काढून ब्लोअरने सफाई करावी. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा; तो भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंग बिघडते.

धातू. भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे, म्हणून येथे थोडे विस्ताराने. शुद्ध तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४००, ॲल्युमिनियमची २३७ आणि ७०:३० पितळेची सुमारे १२० वॅट प्रति मीटर-केल्विन असते. तांब्यात जस्त मिसळताच इलेक्ट्रॉनांच्या वाटेत अडथळे येतात आणि वहन घसरते. लॅपटॉपखाली पितळी परात पालथी ठेवली, तर ती थोडा वेळ उष्णता शोषेल, पण तळाची छिद्रे झाकली जाऊन नुकसानच अधिक होईल.

लॅपटॉपमध्ये चिपपासून पंख्याकडे जाणारी चपटी तांब्याची नळी भरीव नसते. तिच्या आत निर्वात अवस्थेत थोडे पाणी असते. चिपकडील टोकाला त्याची वाफ होते, पंख्याकडील टोकाला ती पुन्हा पाणी होते, आणि आतील तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर ते पाणी परत ओढून आणतो. याच तऱ्हेच्या साधनाचे पेटंट जनरल मोटर्सच्या गॉग्लर यांना १९४४ मध्ये मिळाले होते. १९६३ मध्ये लॉस अलामोसच्या ग्रोव्हर यांनी ते स्वतंत्रपणे सिद्ध केले. ही नळी चेपली किंवा वाकली की आतील चक्र मंदावते. नवशिका कारागीर झाकण काढताना तिलाच धरतो.

चिप व तांबे यांच्यामधील पेस्ट काही वर्षांत वाळते किंवा कडेला सरकते. ती बदलल्याने फरक पडतो. गॅलियमयुक्त द्रवधातू अधिक परिणामकारक असला, तरी ॲल्युमिनियमला तो खातो आणि ओघळला तर परिपथात शॉर्ट होतो. जाणकार हात नसेल तर साधी पेस्टच पुरे.

विजेचा वापर घटवणे. खर्च शून्य, म्हणून हा उपाय दुर्लक्षित. वॅलोरंटसारखा हलका खेळ मोकळा सोडला तर सेकंदाला शेकडो फ्रेम काढतो. मर्यादा ६० वर बांधली की ग्राफिक्स चिपची उष्णता बरीच उतरते. विंडोजमधील कमाल प्रोसेसर स्थिती १०० ऐवजी ९९ टक्के केली, तर बहुतेक इंटेल यंत्रांत टर्बो वेग बंद पडतो. व्होल्टेज कमी करण्याची पद्धत त्याहून चांगली मानली जाते, परंतु डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट ही सुरक्षेतील त्रुटी उघड झाल्यानंतर अनेक इंटेल लॅपटॉपांत ती सोय बंद करण्यात आली. ती परत मिळवण्यासाठी बायोसची जुनी आवृत्ती टाकावी की नाही, याबद्दल मतभेद आहेत.

कूलिंग पॅड. परिणामाबद्दल दावे भिन्न. मागची बाजू दोन बोटे उचलण्याचा फायदा मात्र बहुतेकांना मान्य आहे.

बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी ४५°च्या वर चार्ज होऊ नये. यंत्र सतत वायरवर असल्यास चार्जची मर्यादा ६० किंवा ८० टक्के ठेवावी. टचपॅड वर आलेला दिसला तर बॅटरी फुगली आहे असे समजून वापर थांबवावा.

एअर कंडिशनर. असल्यास वरील बहुतेक मजकूर गैरलागू.