न बोलणारा पट्टा

परवा गॅरेजवाल्याने गाडीचा जुना टायमिंग बेल्ट हातात ठेवला आणि बाबा आठवले. त्यांच्या फियाटला चेन होती. सैल झाली की खडखडायची, मग ते लगेच बॉनेट उघडायचे.

१९६२ साली जर्मनीतल्या ग्लास कंपनीने १००४ या गाडीत चेनऐवजी दातेरी रबरी पट्टा बसवला. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांना कॅमशाफ्टची एक, हा ताळमेळ तोही राखतो. शिवाय हलका, तेल नको, आवाज नाही. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्येही तोच होता.

आमच्या मारुतीचा पट्टा खंबाटकी घाटात न सांगता तुटला. बाबा एवढंच म्हणाले, "कुरकुरला नाही, म्हणून लक्षच गेलं नाही."

आता मी किलोमीटर वहीत लिहून ठेवतो. बेल्टबरोबर टेन्शनरही बदलतो. आणि घरातल्या न कुरकुरणाऱ्या माणसांना अधूनमधून फोन करतो.