हरणं वेगळं, खेळूच न देणं वेगळं

आज आम्ही गटातल्या बायका तुम्हाला बॉक्सिंगच्या इतिहासातला एक माणूस सांगणार आहोत, सॅम लँगफर्ड.

सॅम कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाचा, कृष्णवर्णीय. उंची बेताची, पण ठोसा जबरदस्त. त्या काळी हेवीवेट गटातले गोरे विजेते काळ्या खेळाडूंशी किताबाची लढत करतच नसत. याला ‘कलर लाइन’ म्हणत. मग काळ्या खेळाडूंसाठी वेगळाच किताब निघाला. सॅमनं तो अनेकदा जिंकला, पण हेवीवेट जगज्जेतेपदाची लढत काही मिळाली नाही.

१९०८ साली सिडनीत जॅक जॉन्सननं टॉमी बर्न्सला हरवलं आणि तो पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला. आता तरी सॅमची पाळी यायला हवी होती. पण १९०६ मध्ये सॅमशी लढून जिंकलेल्या जॉन्सननं विजेता झाल्यावर त्याला उभं केलं नाही. गोऱ्याशी लढण्यात पैसा जास्त होता.

१९१५ मध्ये जॉन्सन हरला. पुढे हॅरी विल्सचा जॅक डेम्प्सीशी करारही झाला, पण लढत झालीच नाही. १९३७ मध्ये जो लुईला संधी मिळेपर्यंत २२ वर्षं गेली. १९४४ मध्ये एका पत्रकाराला सॅम न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये भेटला, तेव्हा तो आंधळा आणि कंगाल होता.

हेवीवेट विजेत्यांच्या यादीत सॅम नाही. म्हणून मैत्रिणींनो, यादीत एखादीचं नाव नसलं, तर ती कमी पडली असं लगेच म्हणू नका. तिला बोलावलं होतं का, ते आधी विचारा. आणि पुढे गेलेल्या आपण मागचीला हात दिला का, हेही.